म्हैसूरच्या डिस्क मंगळवारी बऱ्या होत नाहीत

म्हैसूरला अकरा दिवस राहून राजवाडा न बघता परत आलेली बाई, अशी आमच्या घरात माझी ख्याती झाली आहे. सासूबाई अजून विचारतात, "मग तिथे केलंस तरी काय?" मी सांगते, "गोंधळले." त्यांना वाटतं मी चेष्टा करते आहे. अहो, चेष्टा कसली! आयुष्यात एवढी सलग गोंधळलेली मी फक्त बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला होते, आणि तो तीन तासांत संपला होता.

हे लिहायला मी जवळजवळ वर्षभर थांबले. एका माणसाची परवानगी हवी होती. ती मागच्या आठवड्यात फोनवर मिळाली, म्हणून आता बसले आहे.

आधी मी तिथे कशाला गेले ते सांगते. तुम्ही फोनवर फोटो साठवता, तिकीट काढता, ते सगळं कुठल्यातरी थंडगार हॉलमध्ये माणसाएवढ्या उंच कपाटांत जाऊन बसतं. त्याला डेटा सेंटर म्हणतात. कपाटांत खणांसारख्या हजारो डिस्क असतात आणि प्रत्येकीला एक बारीक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघडली. लाल झाली की माणूस जातो, ती ओढून काढतो, नवी बसवतो. हे काम माणसाऐवजी करणारा रोबोट आमच्या पुण्याच्या टीमने चार वर्षं खपून बनवला. चार चाकं, एक हात, दोन कॅमेरे. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला पिंट्या म्हणतो. टीमची प्रमुख मी.

म्हैसूरच्या एका डेटा सेंटरने पिंट्याला दोन नंबरच्या हॉलमध्ये चाचणीसाठी घेतलं होतं. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी निकाल. पास झाला तर तो तिथे राहणार आणि आणखी हॉल मिळणार. नापास झाला तर खोक्यात भरून परत, आणि आमची सहा जणांची टीम मोडून ज्याला त्याला दुसऱ्या कामावर पाठवणार. निघताना माझ्या साहेबांनी हे हसत हसत सांगितलं, पण सांगितलं.

पहिला सोमवार

माझ्याबरोबर ओंकार होता, आमचा सॉफ्टवेअरवाला. मुलगा हुशार, पण दर दोन तासांनी भूक लागते. हॉटेलातून निघाल्यापासून रिक्षावाला, दरवान, लिफ्टमधल्या अनोळखी बाई, सगळे विचारत होते, "तिंडी आयता?" म्हणजे नाश्ता झाला का. पुण्यात सकाळी सात वाजता अनोळखी माणसाने मला हे विचारलं असतं तर मी त्याला "तुम्हाला काय करायचंय?" असं विचारलं असतं. ओंकार मात्र प्रत्येकाला "नाही" म्हणत होता, कुणीतरी खायला घालील या आशेने.

डेटा सेंटरमध्ये आमचं स्वागत हेब्बार सरांनी केलं. ते तिथले व्यवस्थापक, अतिशय मऊ बोलणारे. मऊ आवाजात त्यांनी सांगितलं की चाचणी संपेपर्यंत दोन नंबरच्या हॉलमध्ये रोबोटखेरीज कुणीही डिस्कला हात लावणार नाही. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या टेक्निशियनकडून त्यांनी हॉलच्या किल्ल्या घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या.

टेक्निशियन म्हणजे नागोजीराव. सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, कपाळाला बारीक गंध, खिशाला पेन्सिल. एकोणीस वर्षं तिथे कामाला आणि निवृत्तीला अकरा महिने उरलेले, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. तेही मराठीत! "आमी मराठेच की. किती पिढ्या झाल्या गोत्तिल्ला, ठाऊक नाही. घरात मराठीच बोलतो. आमचं मराठी तुमाला स्वल्प वेगळं लागंल, अल्ला?"

अल्ला म्हणजे 'नाही का' हे मला मागाहून कळलं; पहिल्या दिवशी तर कळतच नव्हतं की हा माणूस मराठीत बोलतोय की कन्नडमध्ये. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधेच वळण घ्यायचं आणि "आयतु"वर थांबायचं. आयतु म्हणजे झालं, बरं, ठीक, निघा, समजलं, यांपैकी काहीही.

त्याच दिवशी मी एक काम केलं. डिस्कच्या मुठींवर छापील पट्टी असते, पिंट्याचा कॅमेरा ती वाचतो. कित्येक मुठींवर पट्टीशेजारी बारीक काळसर ठिपके होते आणि कॅमेरा त्यांना अडखळत होता. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी स्पिरिटची बाटली आणि फडकी मागवली, आणि ओंकारने व मी संध्याकाळपर्यंत हॉलमधली एकूण एक मूठ लख्ख पुसली. नागोजीराव काचेबाहेर उभे राहून बघत होते. आम्ही बाहेर आल्यावर ते आमच्याकडे नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "आयतु." आणि डबा घेऊन गेले.

बिघडण्याची साथ

मंगळवारपासून पिंट्या कामाला लागला. लाल दिवा दिसला की तो वीस मिनिटं थांबायचा. हे थांबणं आम्ही मुद्दाम शिकवलं होतं. या सेंटरच्या वर्षभराच्या नोंदी आम्ही पुण्यात चाळल्या होत्या आणि त्यांत दिसलं होतं की निम्म्याहून जास्त डिस्क लाल होऊन पंधरा-वीस मिनिटांत आपोआप हिरव्या होतात. नोंदीत शब्दच होता, 'आपोआप निवळले'. मग उगाच कशाला बदला? थांबा, निवळलं नाही तरच बदला. या युक्तीबद्दल मी आमच्या ऑफिसात बरंच मिरवून घेतलं होतं.

पिंट्या थांबायचा, आणि काही निवळायचं नाही. एकही नाही! मग तो शिस्तीत जायचा, डिस्क ओढायचा, नवी बसवायचा. कुठे धक्का नाही, कुठे चूक नाही. पण नव्या डिस्कचं जे कपाट आठ-दहा दिवस पुरायचं, ते शुक्रवारी दुपारी रिकामं झालं.

हेब्बार सर मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचा रोबोट यायच्या आधी आमच्या डिस्क बऱ्या होत होत्या. आता होत नाहीत. तुमच्या रोबोटची काही कंपनं, काही चुंबक वगैरे?"

मी म्हटलं असं काही असू शकत नाही. पण मनातून पाचावर धारण बसली होती. आम्ही कंपनं मोजली, तापमान मोजलं, शनिवारी पिंट्याला दिवसभर बंद ठेवून पाहिलं. तो बंद असतानाही डिस्क लाल व्हायच्या आणि लालच राहायच्या. आता काय डोंबल करायचं? रोबोट आल्याचं डिस्कला कळतं कसं? त्या रुसल्यात का? ओंकारने वर्षभराच्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि आणखीच भलतं काढलं.

"मॅडम, ही आपोआप बरी होणारी सगळी प्रकरणं सकाळी आठ ते संध्याकाळी पाचमधली आहेत. आणि मंगळवारी एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हैसूरच्या डिस्क मंगळवारी बऱ्या होत नाहीत."

"मंगळवारचा उपास करतात का त्या?" मी ओरडलेच. ओंकारने गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला की त्याला भूक लागली आहे.

मंडी मोहल्ला

त्या संध्याकाळी डोकं ठिकाणावर आणायला मंडी मोहल्ल्यात हिंडायला गेलो आणि वाट चुकलो. ज्याला विचारावं तो हसून मान अशी हलवायचा, की हो म्हणतोय की नाही म्हणतोय तेच कळेना. आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस आधी तुमची चूक दाखवतो, मग रस्ता. इथे चूक कुणी दाखवत नाही आणि रस्ताही मिळत नाही. एका फुलवालीने तर पत्त्याऐवजी माझ्या हातात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा दिला. तो माळून तिसऱ्यांदा त्याच मसाल्याच्या दुकानासमोर आलो, तर समोर नागोजीराव, हातात भाजीची पिशवी.

"इथं काय करता? चला घरी. ऊट करून जायचं."

ऊट म्हणजे जेवण, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मागच्याच गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी दारातच माझा हात धरला. "ये अक्का, बस. सुम्ने, उगाच उभी का?" मी त्यांच्याहून लहान, तरी अक्का. ताटात चपाती, झुणका, हुळी म्हणजे तिकडचं सांबार, भात आणि नंजनगूडची केळी. झुणक्यात ओलं खोबरं आणि कढीपत्ता! माझ्या माहेरी अशा झुणक्यावर कुटुंबाची बैठक बसली असती. मी मात्र दोनदा वाढून घेतला, आणि ओंकारने किती ते मी बघितलं नाही.

जेवताना मी नागोजीरावांजवळ रडगाणं गायले. बुधवारी पिंट्या परत जाणार, आमची टीम मोडणार, आणि कारण काय तेच मला समजत नाही. ते मान खाली घालून भात कालवत राहिले. शांताबाई एकदम म्हणाल्या, "अगो, रविवारी तलकाड बघून ये. आमी येतो की सोबत." नागोजीरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या बघण्याचा अर्थही मला लागला नाही.

तलकाड

रविवारी गाडी करून चौघं निघालो. वाटेत सोसले लागलं, तिथल्या जुन्या मठाला शांताबाईंनी गाडीतूनच हात जोडले. पुढे दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि मग तलकाडला उतरल्यावर एकदम वाळू. कावेरीच्या काठी, झाडांमधून, चढणीवर, सगळीकडे वाळू. समुद्र इथून किती लांब, आणि ही एवढी वाळू कशी, हा माझा त्या आठवड्यातला सातवा-आठवा न सुटलेला प्रश्न.

चपला हातात घेऊन चालावं लागतं, आणि दुपारी पाय असे पोळतात की मंदिरापर्यंत माणूस नाचतच पोचतो. मंदिरं खाली खड्ड्यात. वाळूत गाडली गेलेली, उकरून काढलेली. पायऱ्या उतरून गेलं की आत गार. वाळू परत येते का, असं मी तिथल्या रखवालदाराला विचारलं. येते, तो म्हणाला, आम्ही काढतो. त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

देवळाच्या ओट्यावर बसून शांताबाईंनी कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, डबा उघडला. ओंकारचा चेहरा उजळला. त्या सहज म्हणाल्या, "आज रविवार, यांना कामावर जायचं असतंय. यांची सुट्टी मंगळवारी. चामुंडीला, डोंगरावरच्या देवीला जातात. तुमच्यासाठी रजा टाकली बघ."

माझ्या हातातलं कोडबळं हातातच राहिलं. मंगळवार! आठ ते पाच! मी ओंकारकडे बघितलं, ओंकारने माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी नागोजीरावांकडे बघितलं. ते पायावरची वाळू झाडत होते.

"नागोजीराव," मी म्हटलं, "त्या डिस्क आपोआप बऱ्या होत नव्हत्या."

ते वाळू झाडतच राहिले. शेवटी शांताबाईच म्हणाल्या, "सांगा की हो. तिचं घर चाललंय त्यावर."

मग ते बोलले. "लाल झाली म्हणून डिस्क मेली असं नसतंय मॅडम. पुष्कळदा नुसती अडकती. दोन बोटं बाहेर ओढायची. वीस आकडे मोजायचे. फिरायची थांबली की परत आत ढकलायची. उठून बसती. पण एकदाच. परत लाल झाली तर मग खरी गेली, बदलायची."

"पण एवढ्या हजारांत कुठली एकदा झाली हे लक्षात कसं राहतं?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून दाखवली. "मुठीवर ठिपका घालतो."

संपूर्ण हॉल, एकूण एक मूठ, स्पिरिटने! "अहो, मी ते सगळे पुसून टाकले! तुम्ही बघत होतात, बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नियम काय आहे? लाल झाली की अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची, दोन माणसांनी जायचं, नवी घालायची. अर्जाशिवाय हात लावला तर नोकरी जाती. मी एकोणीस वर्षं हात लावलाय." त्यांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. "आणि तुमचं यंत्र पुण्याहून आलेलं. त्याला ठाऊक असंल वाटलं. त्याला बघायलाच उभा होतो काचेपाशी. कधी ढकलतंय, कधी ढकलतंय. ते ओढायचं आणि टाकून द्यायचं. जीव तुटायचा बघा."

"पेन्सिलच का पण?" ओंकारने विचारलं.

"पेनानं घातला तर कायमचा राहतो. वर्षभर नीट चालली तर मी खोडतो. तिला परत नवी धरायची." मग ते पहिल्यांदा हसले. "आमाला वर्ष लागतंय. मॅडमनी एका दिवसात सगळ्यांना माफ केलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, त्या गार दगडावर बसून. कारण आता मला सगळं समजलं होतं आणि गोंधळ मात्र वाढला होता. पिंट्याला वाचवायचं तर हे बुधवारी सांगावं लागणार. हे सांगितलं तर निवृत्तीला अकरा महिने राहिलेला हा माणूस जाणार.

"माझं नाव घेऊ नका, अष्टे, एवढंच," ते म्हणाले. "बाकी त्याला शिकवा. नाहीतर चांगल्या डिस्क टाकत राहील."

बुधवार

सोमवार-मंगळवार आम्ही पिंट्याला शिकवलं. दोन बोटं म्हणजे किती ते ओंकारने नागोजीरावांच्या बोटांवर पट्टी ठेवून मोजलं. वीस आकडे त्यांनी घड्याळासमोर मोजून दाखवले, कन्नडमध्ये, सावकाश. ठिपक्यासाठी पिंट्याला पेन्सिल दिली नाही, त्याच्या स्मरणातच एक खूण ठेवली, आणि वर्ष नीट गेलं की ती आपोआप खोडली जाईल असंही घातलं. हे सगळं एका रिकाम्या खोलीत, जुन्या कपाटावर. मंगळवारी नागोजीराव सुट्टी असून आले. चामुंडीला गेला नाहीत का, असं विचारलं, तर म्हणाले पहाटेच जाऊन आलो.

बुधवारी हेब्बार सर आणि त्यांचे दोन वरिष्ठ काचेबाहेर उभे राहिले. साडेदहाच्या सुमारास सहाव्या कपाटात एक दिवा लाल झाला. पिंट्या गेला. डिस्क दोन बोटं ओढली आणि थांबला. ते वीस आकडे! शेजारी ओंकारचे ओठ हलत होते. पिंट्याने डिस्क आत ढकलली. दिवा लाल, लाल, अजून लाल, आणि मग हिरवा.

दुपारपर्यंत चार झाल्या. तीन उठल्या, एक नाही उठली, ती त्याने नव्याने मागवलेल्या साठ्यातली घालून बदलली.

हेब्बार सरांनी माझा हात हातात घेतला. "पण मॅडम, हे सुचलं कुणाला? आमच्या कार्यपद्धतीत तर नाही."

दाराशी नागोजीराव उभे होते, हातात फडकं घेऊन, उगाच एक लख्ख काच पुसत. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"आमच्या टीमने काढलं," मी म्हटलं. "निरीक्षणातून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दारातूनही एक टाळी वाजली. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. पिंट्या राहिला, टीम राहिली, नागोजीरावांची नोकरी राहिली, तरी मला चोरी करून पळाल्यासारखं का वाटत होतं हे मला समजेना. निघताना शांताबाईंनी कोडबळ्यांचा डबा दिला. नागोजीराव फाटकापर्यंत आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "आयतु." त्या एका शब्दाच्या अर्थांपैकी हा कुठला, ते मी परतीच्या वाटेवर शोधत होते.

नंतर

पुण्यात माझं कौतुक झालं. पिंट्याच्या त्या क्रियेला ऑफिसात माझ्या आडनावाने ओळखतात. दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचं, "तुम्हाला हे सुचलं कसं?" आणि मी पाणी प्यायचे.

मागच्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, मी नागोजी. काल निवृत्त झालो. हार घातले, फोटो काढला, सगळं झालं. हेब्बार सरांना मीच सांगितलं, ते ढकलायचं माझं म्हणून."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही. हसले. म्हणाले, गोत्तु. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणे!"

मी फोनवरच विचारत सुटले. पहिल्यापासून ठाऊक होतं, तर मग किल्ल्या का काढून घेतल्या, ती कंपनं आणि चुंबक कशाला, आणि मी कुणापासून कुणाला वाचवत होते? नागोजीरावांनाही ते माहीत नव्हतं. विचारायचं राहिलं म्हणाले.

"आता लिहू का मी?" मी विचारलं. "तुमच्या नावाने?"

"लिवा की. नाव घाला." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पण पेन्सिल म्हणून लिवा हं. पेन नव्हे."